बेसमेंटच्या भिंतीची ओल दरवर्षी परत का येते? आधी पाणी ओळखा, मग भिंत दुरुस्त करा

मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टर भिंत खरवडतो, वॉटरप्रूफ कंपाउंड घातलेलं प्लास्टर मारतो, वर रंगाचा हात फिरतो. जुलै उजाडला की त्याच जागी रंगाला फुगे, पांढरे क्षार आणि कोपऱ्यातून पाण्याची धार. पुढच्या मेमध्ये पहिले पाढे पंचावन्न. सोसायटीचं पार्किंग असो, पंप रूम असो, जुन्या बंगल्याचं तळघर असो किंवा घाटकोपर-मुलुंडच्या उतारावरच्या इमारतीचा डोंगराला टेकलेला खालचा मजला असो, सगळीकडे हेच चाललेलं असतं. बिघाड बाहेर, दुरुस्ती आत: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आतलं प्लास्टर कितीही चांगलं असलं तरी भिंतीमागचं पाणी त्याने कमी होत नाही. ते शेजारच्या सांध्यातून वाट काढतं, आणि भिंतीवरचा दाब तेवढाच राहतो. म्हणून आधी पाणी कुठलं ते ओळखायचं, मग ते भिंतीपासून दूर न्यायचं आणि तडे सर्वात शेवटी भरायचे. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात.

भिंतीवर किती दाब येतो

३ मीटर खोल भिंत धरा. मागे कोरडा, नीट दाबलेला मुरूम असेल तर भिंतीच्या प्रत्येक रनिंग मीटरवर साधारण ४ टन आडवा दाब असतो. त्याच मुरमात पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत चढलं की हा दाब पावणेसात टनांच्या आसपास जातो. त्यातले साडेचार टन निव्वळ पाण्याचे; पाण्यात बुडालेला मुरूम हलका होतो, म्हणून त्याचा स्वतःचा दाब उतरतो. म्हणजे १० मीटर लांबीच्या भिंतीवर एका पावसाळ्यात २५ टनांहून जास्त भार वाढतो. भिंतीच्या डिझाइनमध्ये हे पाणी धरलेलं नसेल, किंवा धरलेल्या सळ्या आता गंजल्या असतील, तर भिंत मधोमध आत झुकते आणि तिथे आडवा तडा पडतो. खालून वर येणारा दाबही विसरू नका: राफ्टच्या (बेसमेंटखालच्या सलग काँक्रीट पायाच्या) तळापासून ३ मीटर उंच पाणी असेल तर प्रत्येक चौरस मीटरवर ३ टन वर ढकलत असतात. फ्लोअरिंग मधूनच उचललं जाणं, टाइल पोकळ वाजणं हे तिथून येतं.

भिंतीमागे पाणी साठतं याचं मुंबईतलं एक मोठं कारण बांधकामाच्या वेळचंच आहे. बेसमेंटसाठी खड्डा भिंतीपेक्षा रुंद खणतात आणि नंतर ती फट भरताना मुरमाऐवजी साइटवरचं रॅबिट टाकतात: विटांचे तुकडे, प्लास्टर, सिमेंटच्या पिशव्या, लाकूड. बाजूची मूळ जमीन घट्ट, मधला भराव पोकळ, त्यामुळे कंपाउंडमधलं सगळं पाणी या फटीत उतरतं आणि भिंतीभोवती हौद तयार होतो. काही वर्षांत लाकूड कुजतं, भराव दबतो, आणि वरचे पेव्हर ब्लॉक भिंतीच्याच दिशेला कलंडतात. मग पाऊस स्वतःहून भिंतीकडे वाहतो.

जमीन खचते, इमारत खचत नाही

खाडीकाठच्या आणि भराव टाकलेल्या भागांत जमिनीखाली मऊ, काळी खाडीची माती असते. इमारत पाइलवर (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर) उभी असते, खाली खडकाला टेकलेली. आजूबाजूचं कंपाउंड मात्र त्या मातीवरच बसलेलं. माती वर्षानुवर्षं दबत राहते, इमारत जागची हलत नाही. मग तुटतं ते या दोघांना जोडणारं: भिंतीतून बाहेर पडणारा ड्रेनेजचा पाइप, पावसाच्या पाइपचा खालचा बेंड, पाण्याची लाइन, पायऱ्या, रॅम्प.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर गच्चीवरून उतरणारा एखादा डाउनटेक पाइप जिथे चेंबरकडे वळतो तिथे वाकून बघा. सॉकेटमधून पाइप दोन-तीन बोटं निसटलेला असतो आणि भोवतीची माती धुपून खड्डा झालेला असतो. गच्चीचा २०० चौ.मी. भाग त्या पाइपवर असेल तर तासाला ५० मि.मी. पावसात १०,००० लिटर पाणी त्या खड्ड्यात, म्हणजे थेट बेसमेंटच्या भिंतीमागे जातं. अशा ठिकाणी आत लाखभराचं ग्राउटिंग (तड्यांत दाबाने माल भरणं) करण्याआधी दोन हजारांचा पाइप जोडायला हवा.

डोंगरउतारावर गोष्ट वेगळी. तिथे वर मुरूम आणि खाली खडक. पाणी दोघांच्या मधल्या थरातून सरकत येतं आणि वाटेत आडव्या आलेल्या भिंतीला अडतं. पाऊस थांबल्यावरही चार-पाच दिवस पाझर चालू राहतो. या भिंतींना बाहेर वाट नसेल तर धोका जिवाचा आहे. उघड्यावरच्या रिटेनिंग वॉलला (माती अडवणाऱ्या भिंतीला) ७५ ते १०० मि.मी. व्यासाची वीप होल्स (पाणी बाहेर सोडणारी छिद्रं) दर १ ते दीड मीटरवर लागतात आणि त्यांच्या मागे खडीचा फिल्टर लागतो. ‘घाण पाणी येतं’ म्हणून ती सिमेंटने बुजवलेली दिसली तर त्याच दिवशी मोकळी करून घ्या.

कुठलं पाणी? आठ-दहा दिवसांची नोंद

तपासणी भर पावसाळ्यात करायची असते, कोरड्या मेमध्ये नाही. एक वही घ्या आणि दिवसातून तीन वेळा लिहा: पाऊस होता का, भरती कधी होती, महापालिकेचं पाणी कधी सुटलं, आणि प्रत्येक जागी गळती किती. गळती मोजायला धारेखाली लिटरची बाटली धरा आणि ती किती मिनिटांत भरते ते लिहा. ‘खूप’ आणि ‘थोडी’ या शब्दांवरून काही कळत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर तास-दोन तासांत गळती वाढते आणि उघडीप मिळाली की दिवसभरात ओसरते, तर ते पृष्ठभागावरचं पाणी आहे: पेव्हर, डाउनटेक, कुंड्या-वाफे, तुंबलेलं चेंबर. ही सर्वात स्वस्त दुरुस्ती. जुलैच्या मध्यात सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत एकसारखी चालते, पावसाच्या सरींशी तिचा थेट संबंध दिसत नाही, तर भूजल चढलेलं आहे. पाऊस नसतानाही दिवसातून दोनदा कमी-जास्त होते, तर भरतीची वेळ ताडून पहा. जमिनीतून पाणी यायला वेळ लागतो, त्यामुळे भरतीनंतर थोड्या उशिराने वाढ दिसते.

वर्षभर, मे महिन्यातही ओल असेल तर पाऊस दोषी नाही. पाणी सुटण्याच्या वेळेला गळती वाढते का पहा. तसं असेल तर महापालिकेची जोडणी फुटलेली आहे. सक्शन टाकीवर (नळाचं पाणी साठवणाऱ्या जमिनीखालच्या टाकीवर) संशय असेल तर रात्री टाकी भरून इनलेट आणि पंपाचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद करा, आत पट्टीवर पातळीची खूण करा आणि सहा तासांनी पहा. ३ बाय ४ मीटरच्या टाकीत पातळी १ सें.मी. उतरली तर १२० लिटर पाणी बाहेर गेलं. ही टाकी ड्रेनेजच्या लाइनीजवळ असेल तर भिंतीपेक्षा आधी पिण्याच्या पाण्याची काळजी करा. ज्या तड्यातून पाणी बाहेर जातं त्याच तड्यातून टाकी रिकामी असताना बाहेरचं पाणी आत येतं.

सकाळी सात ते दहा या वेळात वाढणारी, वास असलेली ओल मैलापाण्याची. खात्रीसाठी फ्लुओरेसिन डाय (पाण्याला हिरवट रंग देणारी पूड) चमचाभर बादलीत विरघळवून संशयित लाइनच्या संडासात ओता, एका वेळी एकच लाइन, आणि पुढचे दोन दिवस गळतीच्या पाण्यात हिरवट झाक येते का बघा.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) स्वस्त आहे, जरूर वापरा. तलावांतून येणाऱ्या नळाच्या पाण्याचा आकडा मुंबईत कमी असतो, समुद्राच्या पाण्याचा ३५,००० पीपीएमच्या घरात. हजारोंमध्ये आकडा आला तर खाडीचं पाणी मिसळतंय असं समजा. मधले आकडे फसवे असतात, कारण काँक्रीट आणि मातीतून झिरपताना नळाच्या पाण्यातही क्षार मिसळतात. पोहण्याच्या तलावावर वापरतात ते क्लोरीन तपासायचं किट इथे उपयोगी पडतं: गळतीच्या पाण्याचा रंग पिवळा झाला तर ते नळाचं पाणी. पिवळा झाला नाही तर मात्र नळ निर्दोष ठरत नाही, क्लोरीन मातीत संपून जातो.

आणि कधीकधी गळती नसतेच. दमट हवा थंड भिंतीवर बसून दव धरते. भिंतीवर ४५ सें.मी. चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेप लावून २४ तास ठेवा. खोलीकडच्या बाजूला पाणी धरलं तर हवेची ओल, उपाय एक्झॉस्ट फॅन. भिंतीकडच्या बाजूला धरलं तर पाणी भिंतीतून येतंय.

तडा वाचणे

भिंतीच्या मध्यावर आडवा तडा आणि भिंतीला फुगवटा: मागचा दाब. हा प्रकार कॉन्ट्रॅक्टरचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. तिरपा किंवा वीटकामात पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा, एका टोकाला रुंद होत जाणारा तडा: एक बाजू खचतेय. उभे, केसासारखे, बऱ्याच वर्षांत न बदललेले तडे बहुतेक वेळा काँक्रीट आकसल्याचे असतात. सळीच्या रेषेत जाणारा तडा आणि तांबूस डाग म्हणजे गंज. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने तो वरचं काँक्रीट फोडून काढतो. फरशी आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यातून येणारं पाणी तड्याचं नसून ओतकामाच्या जोडाचं असतं, आणि बेसमेंटमध्ये सर्वाधिक गळती तिथूनच होते.

तडा जिवंत आहे की थांबलाय हे कळल्याशिवाय काहीही भरू नका. प्रयोगशाळेतली काचेची स्लाइड तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं एपॉक्सीने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली की हालचाल चालू आहे. फुगवट्यासाठी गवंड्याचा ओळंबा वरून ५० मि.मी.च्या ठोकळ्यावर सोडा आणि दर ३० सें.मी.वर दोरी ते भिंत अंतर मोजा. पहिल्या मापात आलेला फरक मूळ बांधकामातलाही असू शकतो. महत्त्वाचं आहे ते महिन्याने घेतलेलं दुसरं माप. दोन मापांत २-३ मि.मी. फरक आला तरी थांबू नका, इंजिनिअरला बोलवा आणि तोवर भिंतीलगतच्या वरच्या जमिनीवर गाड्या, रेती, पाण्याचे टँकर उभे करणं बंद करा.

पहिली दुरुस्ती: वरचं पाणी

भिंतीलगतचे पेव्हर २ ते ३ मीटर रुंदीत काढा. खालचा सैल भराव काढून मुरूम थराथराने दाबा, त्यावर १०० मि.मी. एम १५ पीसीसी (सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट), भिंतीपासून दूर दर मीटरला २० मि.मी. उताराचं. पेव्हर परत बसवा. भिंत आणि पीसीसी यांच्या मधली फट सिमेंटने भरली तर वर्षभरात सुटते. तिथे २० मि.मी. रुंद, १० मि.मी. खोल पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच लागतो, तो रबरासारखा लवचिक असतो. भिंतीला चिकटून असलेले बागेचे वाफे हलवा. पिंपळ-वडाची मुळं भिंतीत गेली असतील तर झाड तोडण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, १९७५ चा कायदा आहे.

मग पाणी जाणार कुठे ते मोजा. १००० चौ.मी.च्या कंपाउंडवर तासाला ५० मि.मी. पाऊस म्हणजे ५०,००० लिटर, सेकंदाला १४ लिटर. १:१०० उताराचा ४ इंची पीव्हीसी पाइप पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला ६ लिटरच्या आसपास नेतो, ६ इंची १८ च्या आसपास, तोही गाळ नसताना. अनेक सोसायट्यांचं अख्खं पावसाचं पाणी एकाच ४ इंची पाइपवर असतं. बेसमेंटच्या रॅम्पच्या तोंडाशी पूर्ण रुंदीची जाळीदार गटारी हवी, आणि तिच्या आधी रस्ता थोडा उंच करून घ्या.

शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मि.मी. पावसासाठी होत्या, त्या सुधारण्याच्या महापालिकेच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाचं उद्दिष्ट ५० मि.मी.चं. त्यात भरती असेल तर नाला रिकामा होत नाही, उलट पाणी तुमच्या चेंबरकडे परत येतं. म्हणून कंपाउंडच्या शेवटच्या चेंबरवर एकदिशा फ्लॅप व्हॉल्व्ह बसवा आणि महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते त्या सोसायटीच्या बोर्डवर लावा. फ्लॅपमध्ये प्लॅस्टिकची पिशवी अडकली की तो उघडाच राहतो. मोठ्या भरतीच्या आदल्या दिवशी वॉचमनने तो हाताने हलवून बघायचा.

दुसरी: भिंतीमागचा निचरा

वरचं पाणी वळवूनही एक पावसाळा गळती राहिली तरच हे काम. वेळ नोव्हेंबर ते मे.

१. भिंतीलगत चर खणा, पण सलग कधीच नाही. दीड ते दोन मीटरचा एक तुकडा खणा, पुढचा सोडा, तिसरा खणा. हे तुकडे भरून झाल्यावर मधले उरलेले खणा. दीड मीटरपेक्षा खोल चराला दोन्ही बाजूंनी आधार. चराचा तळ बेसमेंटच्या फरशीच्या खाली, पण फाउंडेशनच्या तळाच्या वरच ठेवा. त्याखाली गेलात तर भिंतीखालची माती मोकळी होते.

२. भिंत घासून, पोकळ काँक्रीट फोडून पॉलिमर मॉर्टरने भरा. मग वॉटरप्रूफिंगचा थर, आणि त्यावर एचडीपीईचा (कडक प्लॅस्टिकचा) उंचवट्यांचा ड्रेन बोर्ड. हा बोर्ड नसेल तर भराव टाकताना खडी थर फाडते.

३. तळाला १५० ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) नॉनवोव्हन जिओटेक्सटाइल, म्हणजे गाळ अडवून पाणी जाऊ देणारं कापड पसरा, कडा मोकळ्या ठेवा. त्यावर खडी, त्यात ११० किंवा १६० मि.मी.चा छिद्रांचा पाइप, छिद्रं खाली करून, १:१०० उतार. २० मि.मी. खडी पाइपभोवती सगळीकडून किमान १५० मि.मी., मग कापड वरून गुंडाळून घ्या. कापड वगळून वाचवलेले पैसे दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरलेल्या पाइपच्या रूपाने परत मोजावे लागतात.

४. प्रत्येक कोपऱ्यावर साफसफाईसाठी उभा पाइप. वरचा भराव मुरमाचा, २०० मि.मी.चे थर, हाताच्या प्लेट कॉम्पॅक्टरने. भिंतीजवळ रोलर नको. शेवटचे ३०० मि.मी. घट्ट बंद, नाहीतर वरचं पाणी याच खडीत उतरेल.

पाइप एका संपमध्ये (पाणी गोळा करायच्या टाकीत) आणा: ९०० बाय ९०० मि.मी., १ मीटर खोल. या संपमध्ये पातळी १० सें.मी. चढली म्हणजे ८१ लिटर आले, त्यावरून घड्याळ लावून आवक काढा आणि दुप्पट क्षमतेचा पंप घ्या. पंपाच्या पाटीवरचा कमाल आकडा शून्य उंचीचा असतो. तुमच्या उंचीला किती ते दुकानदाराकडच्या तक्त्यात बघा. दोन पंप, दोघांना स्वतंत्र फ्लोट स्विच, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि जनरेटरची लाइन. वीज जाते तेव्हाच पाऊस सर्वात जास्त असतो. पाणी पर्जन्यवाहिनीत सोडा, मैल्याच्या लाइनीत नाही.

एक परीक्षा प्रत्येक सोसायटीने करावी. पंपातून येणारं पाणी काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. सुरुवातीचे काही दिवस गढूळ असणं ठीक. महिन्यानंतरही तळाला गाळाचा थर बसत असेल तर पंप पाण्याबरोबर तुमच्या भिंतीखालची जमीन उपसतोय. पंप चालू ठेवण्यापेक्षा फिल्टर दुरुस्त करणं तातडीचं.

शेजारची इमारत भिंतीला खेटून असेल तर बाहेर चर शक्यच नाही. मग आतल्या बाजूने भिंतीच्या पायथ्याशी गटारी, ड्रेन बोर्ड आणि संप. यात पाणी आत येऊ देऊन नीट नेलं जातं. सळ्यांचं संरक्षण यातून होत नाही, हे कमिटीला आधी स्पष्ट सांगा.

शेवटी तडे

वाहत्या गळतीला पीयू फोम, आणि तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा तडा ओला असतो आणि पाण्याची वाट दिसते. ड्रिल तड्यावर नाही, बाजूने ४५ अंशांत, भिंतीच्या मधोमध तड्याला भेटेल असं. छिद्रं आलटून पालटून दोन्ही बाजूंना, १५० ते २०० मि.मी.वर. आधी सळी शोधायचं यंत्र फिरवा. छिद्रांत पॅकर (माल आत सोडायच्या नळ्या) लावून खालून वर जायचं, वरच्या पॅकरमधून माल दिसला की पुढे. फोम पाणी थांबवतो, पण टिकाऊ नाही. मागोमाग त्याच पॅकरमधून पीयू रेझिन सोडायला लावा. बहुतेक कोटेशनमध्ये हा दुसरा टप्पा नसतो. एपॉक्सी फक्त कोरड्या आणि थांबलेल्या तड्यात. हलणाऱ्या तड्यात एपॉक्सी भरली की शेजारी नवा तडा पडतो.

गंजलेल्या सळीच्या मागे २० मि.मी.पर्यंत काँक्रीट फोडून, सळी पूर्ण घासून, प्रायमर लावून पॉलिमर मॉर्टर. खाडीच्या पाण्याचे क्षार आत गेलेले असतील तर नुसत्या ठिगळाच्या कडेला गंज पुन्हा सुरू होतो, म्हणून क्लोराइडची चाचणी आधी. झुकलेल्या भिंतीला आतून आरसीसी जॅकेट (सळ्यांसह काँक्रीटचा नवा थर) किंवा काउंटरफोर्ट (आधाराच्या आडव्या भिंती) लागतात, त्याचं डिझाइन इंजिनिअरकडूनच.

बेसमेंट पाण्याने भरलं तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. असं पाणी बेसमेंटमध्ये शिरल्यावर सगळ्यांना ते तासाभरात उपसायचं असतं. तसं करू नका. आतलं पाणी बाहेरच्या दाबाला तोलून धरत असतं. आधी मीटर रूमची वीज बंद, मग बाहेरचं पाणी ओसरेपर्यंत थांबा. ३० सें.मी. उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर ठेवा. पातळी पुन्हा वर आली तर बाहेर अजून पाणी आहे, आणखी एक दिवस थांबा. वाढली नाही तर पुढचे ३० सें.मी.

शेजारी खोदकाम सुरू होणार असेल

रीडेव्हलपमेंटच्या साइटवर खोल खोदकामात दिवसरात्र पाणी उपसतात. तुमच्याकडचं भूजलही त्याबरोबर उतरतं, मऊ माती दबते आणि बेसमेंटच्या भिंतीत तिरपे तडे येतात. काम सुरू होण्याआधी प्रत्येक भिंतीचे पट्टी धरून, तारखेसह फोटो काढा. प्लिंथवर चार-सहा ठिकाणी खुणा करून सर्व्हेअरकडून लेव्हल घ्या. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला अहवाल वॉर्ड ऑफिसला लेखी द्या. काम चालू असताना दर आठवड्याला लेव्हल आणि काचेच्या पट्ट्या बघा.

नव्या इमारतीत गळती असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची, आणि कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्तीची. तुम्ही आधी प्लास्टर मारलं तर मूळ दोष दाखवता येत नाही. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्या ऑडिटमध्ये बेसमेंटच्या भिंतीची बाहेरची बाजू एका ठिकाणी तरी उघडून बघायला सांगा, आणि वर्षभराची गळतीची वही ऑडिटरच्या हातात द्या.